नरसंहार, वंशसंहार की वंशविच्छेद?

प्रश्न असा आला आहे: ‘स्रेब्रेनिकावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. मराठीत याच घटनेला कुठे हत्याकांड, कुठे नरसंहार, तर कुठे वंशसंहार म्हटलेलं दिसतं. तिन्ही एकच का? मी कोणता वापरू?’

आधी बोस्नियातल्या या गावाचं नाव. तिथले लोक ‘स्रेब्रेनित्सा’ म्हणतात. ‘स्रेब्रो’ म्हणजे चांदी, आणि हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव. आपल्या लिपीत ‘त्स’ सुखाने लिहिता येतो, मग रोमन स्पेलिंग वाचून ‘का’ कशाला करायचा?

आता शब्द. हत्याकांडाला एक जागा असते, एक तारीख असते. जालियनवाला बाग, १३ एप्रिल १९१९. तुमच्या लेखात जवळच्या क्रावित्सा गावातल्या गोदामाचा उल्लेख बहुधा असेल. १३ जुलै १९९५ला तिथे कोंडलेल्या हजाराहून जास्त माणसांना बोस्नियन सर्बांनी ठार केलं, ते हत्याकांडच. पण त्या काही दिवसांत अशी हत्याकांडं एकामागून एक झाली आणि सुमारे ८,००० बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) पुरुष व मुलगे मारले गेले. या सगळ्यांना बांधणारा जो हेतू होता, तो ‘हत्याकांड’मध्ये मावत नाही.

नेमक्या त्या हेतूसाठी राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञाने ग्रीक ‘गेनोस’ला लॅटिन शेपूट जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. तो छापून आला १९४४मध्ये. १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची व्याख्या आहे: राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. त्याखाली पाच कृत्यं दिली आहेत आणि ठार मारणं हे त्यांतलं फक्त एक. गटात मुलं जन्मूच न देणं, किंवा असलेली मुलं हिसकावून दुसऱ्या गटात नेणं, हेही त्यात येतं.

‘नरसंहार’ इथे तोकडा पडतो. तो फक्त मारण्याबद्दल बोलतो, कोणाला आणि कशासाठी ते सांगत नाही. शिवाय स्रेब्रेनित्सात ‘नर’ हा शब्द भलताच अडखळवतो. तिथे बायका आणि लहान मुलांना बसमध्ये भरून हाकलून दिलं आणि पुरुषांना मागे ठेवून मारलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयातल्या खटल्यात बचाव पक्षाने हाच मुद्दा काढला, की समाज संपवायचा असता तर बायकांना जाऊ दिलं असतं का? बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिच यांच्यावरच्या २००१च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. पुरुषप्रधान समाजातून दोन-तीन पिढ्यांचे पुरुष नाहीसे झाले तर त्या समाजाचं काय होईल, हे मारणाऱ्यांना ठाऊक असलंच पाहिजे, असं म्हटलं. हे वाचताना मला ‘निर्वंश होईल तुझा’ ही आपल्याकडची शिवी आठवली. म्हणून माझं मत ‘वंशविच्छेद’ला.

‘वंशसंहार’ चूक नाही, रूढही आहे. पण ‘संहार’ला आपल्याकडे उदबत्तीचा वास आहे. देवी महिषासुराचा संहार करते. ज्याचा संहार होतो तो आपल्या कानाला राक्षसच वाटतो, आणि मारणारेही मारल्या जाणाऱ्यांबद्दल नेमकं तेच सांगत असतात. ‘होलोकॉस्ट’वर अनेक ज्यूंचा आक्षेप याच जातीचा आहे: मूळ ग्रीक अर्थ होमात पूर्ण जाळलेली आहुती. म्हणून ते ‘शोआ’ म्हणतात, म्हणजे आपत्ती, विध्वंस. (आपल्या बातम्यांतला ‘बळी’ तरी वेगळं काय सांगतो? मी तो टाळतो, पण मथळे लिहिणारे ऐकतील असं वाटत नाही.) ‘विच्छेद’मध्ये शवविच्छेदनाचा कोरडेपणा आहे आणि इथे तोच हवा.

अडचण एकच, ‘वंश’ शब्दाची. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने मारलेल्यांत बहुसंख्य लोक ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाचे होते. २०१८च्या निकालात जेनोसाइडचा ठपका आला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांबाबत. बाकीच्यांचा छळ आणि मृत्यू मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोजले गेले. त्या सगळ्या मृत्यूंना मिळून मी ‘नरसंहार’च म्हणेन.

जाता जाता षष्ठीकडे लक्ष ठेवा. ‘सर्बांचा वंशविच्छेद’ म्हणजे सर्बांनी केलेला की सर्बांचा झालेला? ‘रवांडाचा वंशविच्छेद’मध्ये तर मेले कोण तेच कळत नाही; खुद्द रवांडानेही २००८मध्ये राज्यघटनेतला उल्लेख बदलून त्यात मारल्या गेलेल्या तुत्सी समाजाचं नाव घातलं. तेव्हा तुमच्या अनुवादात पहिल्यांदा सबंध लिहा: ‘स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने केलेला बोस्नियाकांचा वंशविच्छेद’. लांबलचक आहे, मान्य. एकदा तेवढं लिहून झालं की पुढे नुसतं ‘वंशविच्छेद’ चालेल, आणि क्रावित्सासाठी ‘हत्याकांड’ आहे तसंच राहू द्या.