बायझंटाइन आणि पश्चिम युरोपीय चित्रित हस्तलिखिते वेगळी कशी ओळखावीत?

तुमचा प्रश्न असा आहे की बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्यातील आणि पश्चिम युरोपातील मध्ययुगीन चित्रित हस्तलिखिते तुम्हाला सारखीच दिसतात, सगळीकडे सोने, संत आणि गंभीर चेहरे. मग जाणकार ती चटकन वेगळी कशी ओळखतात? लिपी ग्रीक आहे की लॅटिन हे पाहिले की निम्मे काम होते हे खरे, पण तुमचा रोख चित्रांवर आहे, म्हणून लिपी बाजूला ठेवतो. कलेचा इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की पान समोर आले की आधी चेहरे पाहू नका. अक्षराला पानावर काय मान दिला आहे ते पाहा.

पश्चिमेकडे, विशेषतः आयर्लंड आणि इंग्लंडच्या मठांत, लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा नव्हती. ती पुस्तकातून शिकायची, देवाच्या कामाची भाषा होती, आणि माझ्या मते त्यामुळेच तेथे अक्षर हीच नवलाची वस्तू झाली. इ. स. ८०० च्या सुमाराचे, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेले ‘बुक ऑफ केल्स’ घ्या. त्यातील मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) ख्रिस्तजन्माची कथा जेथे सुरू होते, त्या पानावर ख्रिस्ताच्या नावाच्या संक्षेपाची तीन अक्षरे जवळजवळ सगळी जागा व्यापून बसली आहेत. त्यांच्या वेटोळ्यांत माणसांची तोंडे आणि पतंग आहेत. खाली तळाशी दोन मांजरे बसली आहेत, त्यांच्यासमोर दोन उंदीर एक गोल चकती कुरतडत आहेत, आणि जवळच एका काळ्या पाणमांजराने तोंडात मासा धरला आहे. वाचण्यासाठी म्हणून हे पान जवळपास निरुपयोगी आहे. आणखी एक गंमत अशी की या ग्रंथात सोने अजिबात नाही. पिवळी झळाळी दिसते ती हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाची.

बायझंटाइन चित्रकार असे सहसा करत नाही. त्याची आद्याक्षरे नेटकी आणि आटोपशीर असतात, फार तर मजकुराच्या डोक्यावर वेलबुट्टीची एखादी चौकट येते, आणि चित्राला बहुतेक वेळा स्वतःचे पान किंवा स्वतःची चौकट मिळते. तेथे ग्रीक बोलली जात होती, वाचली जात होती आणि प्राचीन ग्रीक-रोमन चित्रपरंपरेशी असलेला धागा पूर्णपणे तुटला नव्हता. इ. स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) राजघराण्यातील अनिकिया युलियाना हिच्यासाठी तयार झालेला प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसचा वनौषधिग्रंथ पाहा. त्यातील झाडांची मुळे, पाने आणि फुले अशी काढली आहेत की वनस्पतिशास्त्राच्या माणसाला आजही कित्येक ओळखता येतील. शतकानुशतके वैद्यांनी तो वापरला, झाडांशेजारी अरबी, तुर्की आणि हिब्रू नावे लिहिली, आणि १५६९ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. पुढे दहाव्या शतकातील पॅरिसच्या स्तोत्रसंहितेतही (बायबलमधील स्तोत्रांच्या ग्रंथातही) मेंढपाळ दावीद वीणेसारखे वाद्य वाजवत बसलेला आहे आणि त्याच्या खांद्यापाशी संगीताची देवी टेकून बसली आहे. बायबलमध्ये तिचा पत्ता नाही. ती थेट जुन्या ग्रीक चित्रांतून आली आहे.

या परंपरेत मध्येच मोठी उलथापालथ झाली, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. आठव्या-नवव्या शतकांत साम्राज्यात पवित्र प्रतिमांवर दोनदा बंदी आली आणि ८४३ मध्ये ती कायमची उठली. त्यानंतर थोड्याच काळात तयार झालेली आणि आता मॉस्कोत असलेली ख्लुदोव स्तोत्रसंहिता हा त्या वादाचा जळजळीत पुरावा आहे. ‘त्यांनी मला आंब (सिरका) प्यायला दिली’ या अर्थाच्या स्तोत्रातील ओळीशेजारी समासात क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे एक सैनिक काठीला लावलेला बोळा नेतो आहे. त्याच्याच खाली एक प्रतिमाविरोधक तसाच काठीला बोळा बांधून ख्रिस्ताच्या गोल चित्रावर चुना फासतो आहे, आणि त्याचे केस भुतासारखे पिंजारलेले आहेत. प्रतिमा पुसणे म्हणजे ख्रिस्ताला पुन्हा क्रुसावर चढवणे, हा आरोप चित्रकाराने चित्रातूनच केला. मी वर जे ‘स्वतःची चौकट’ म्हणालो त्याला ही संहिता अपवाद आहे. येथे जवळजवळ सगळी चित्रे समासात धावतात. प्रचार करायचा असला की शिस्त सुटते, असे मला तरी वाटते.

आता सोन्याकडे येऊ, कारण संगणकाच्या पडद्यावर दोन्हींचे सोने सारखेच दिसते आणि गोंधळ बहुधा तेथेच होतो. बायझंटाइन ग्रंथात सोने सहसा सपाट असते. संतामागची सगळी पार्श्वभूमीच सोन्याची, त्यात आकाश नाही की भिंत नाही. हा वर्ख पातळ थरावर बसवलेला असतो, आणि त्याच्यावर किंवा गुळगुळीत चर्मपत्रावर दिलेला रंग नीट धरत नाही. म्हणूनच कित्येक ग्रीक शुभवर्तमानांत रंगाचे पोपडे उडून खालची रेषा उघडी पडलेली दिसते. पश्चिमेत, विशेषतः तेराव्या शतकापासून, सोने उठावाचे होते. कारागीर बारीक जिप्सम, सफेदा, सरस आणि थोडी साखर किंवा मध एकत्र करून त्यात रंग दिसावा म्हणून चिमूटभर लाल माती घालत असे आणि हा लेप अक्षराच्या आकारात थरावर थर देऊन फुगवत असे. लेप वाळला की त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायची. त्या ओलाव्याने तो चिकट होतो, की लगेच वर्ख ठेवायचा आणि मग कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेला पृष्ठभाग फुगीर असल्यामुळे पान जरा हलले तरी प्रकाश सरकतो. हे सगळे रंगांच्या आधी करावे लागे, कारण वर्ख ओल्या-सुक्या रंगालाही चिकटतो आणि घोटताना रंग खराब होतो. ऑक्सफर्डमध्ये १२७० च्या आसपासचा ‘डाउस अपोकॅलिप्स’ नावाचा, बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा, अपुरा राहिलेला ग्रंथ आहे. त्याच्या काही पानांवर नुसते रेखाटन, काहींवर रेखाटन आणि सोने, तर काहींवर पुरे रंग अशा पायऱ्या दिसतात. सुंदर पूर्ण ग्रंथापेक्षा मला अशी अर्धवट पाने अधिक शिकवणारी वाटतात.

निळ्या रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. गडद निळा दिसला की अफगाणिस्तानच्या बदख्शानमधील लाजवर्द (निळ्या दगडाची पूड) असे गृहीत धरण्याची सवय आहे. पण इंग्लंडच्या ‘लिंडिसफार्न’ शुभवर्तमानांची तपासणी झाली तेव्हा तो निळा नीळवर्गीय वनस्पतिजन्य रंग निघाला. उलट जर्मनीतील डालहाइमच्या मठात सुमारे हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात लाजवर्दाचे कण सापडले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ती ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करत असावी असा अंदाज आहे. हस्तलिखिते फक्त पुरुष संन्याशांनीच रंगवली हा समज त्यामुळे बराच सैल झाला.

चेहऱ्यांविषयी थोडक्यात. बायझंटाइन चेहरा हिरवट-तपकिरी पायावर उजळ रंगांचे हात चढवून उभा केलेला असतो, त्यामुळे डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली हिरवी छाया राहते. इटलीत ही पद्धत पोचली होती, पण पॅरिसचा गॉथिक चित्रकार चेहरा जवळपास कोरा ठेवून लेखणीच्या रेषेने नाक-डोळे काढतो. शुभवर्तमानकार, म्हणजे शुभवर्तमान लिहिणारा संत, डोक्यावर सिंह, बैल, गरुड अशा चिन्हांविना नुसता मेजापाशी लिहीत बसला असेल, तर पूर्वेचा संशय घ्यावा. त्यांपैकीच एक असलेला योहान उभ्याने आकाशाकडे वळून पाहतो आहे आणि बसलेला शिष्य लिहून घेतो आहे, असे दिसले तर जवळजवळ खात्रीच.

अडचण येते ती मिश्र ग्रंथांत. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्यात ११३१ ते ११४३ च्या दरम्यान राणी मेलिसेंदसाठी बनलेली मानली जाणारी स्तोत्रसंहिता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या आरंभीची २४ पानभर चित्रे पूर्णपणे बायझंटाइन वळणाची आहेत, पण चित्रकार बासिलियसने आपली सही लॅटिनमध्ये केली आहे आणि पुढची आद्याक्षरे पश्चिमी आहेत. अशा ग्रंथाला एका खान्यात टाकण्याचा आग्रह मी धरत नाही.

सुरुवात करायची असेल तर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर सम्राट दुसऱ्या बासिलचे, १००० सालच्या सुमाराचे ‘मेनोलोगियन’ (संतांच्या दिवसांच्या क्रमाने लावलेला ग्रंथ) मोफत पाहता येते. त्यातील ४३० चित्रांशेजारी आठ चित्रकारांची नावे लिहिलेली आहेत, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट. त्यातील दहा-बारा पाने मोठी करून पाहा, मग लगेच ट्रिनिटी कॉलेजच्या संकेतस्थळावर केल्स उघडा. मी सांगितलेला अक्षराचा फरक आधी दिसेल, सोन्याचा त्यानंतर.