जपानने पैसे घातले, म्हणून मुलीनेही आयुष्य घालायचं?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तिला बी.एस्सी. केमिस्ट्री करायचंय. मी वाचलं, की जपान, भारत, इटली असे तेलासाठी दुसऱ्यांवर अवलंबून असलेले देश कोल्ड फ्यूजनवर, म्हणजे साध्या तापमानाला अणू जोडून ऊर्जा मिळवण्यावर, संशोधन करत आलेत. सरकारं उगाच पैसे घालणार नाहीत. तिला जपानला पाठवून याच विषयात घालायचंय, शेत विकायचीही तयारी आहे. पण ती नाही म्हणते. तिला लांबचं दिसत नाही. कसं समजवावं? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात जपान आहे, इटली आहे, शेत आहे. मुलीचं म्हणणं मात्र तीन शब्दांत संपतं, ‘ती नाही म्हणते’. का नाही म्हणते, हे तुम्ही विचारलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. बारावी झालेली मुलगी विषयाचं नाव घेऊन ‘मला हे शिकायचंय’ म्हणते, हे माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांना हेवा वाटावा असं आहे. तुम्ही मात्र तिला समजवायला निघालात, तेही शेत विकून. उद्या प्रयोग फसला तर त्या शेताचा हिशेब तिच्या डोक्यावर राहील, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही.

आता ‘सरकारं उगाच पैसे घालणार नाहीत’ याबद्दल. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा इथे फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाण्यात (जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात) पॅलेडियम धातूचा इलेक्ट्रोड ठेवून, साध्या तापमानाला अणुकेंद्रकांचं संमीलन, म्हणजेच फ्यूजन, घडवल्याचं जाहीर केलं. नामांकित प्रयोगशाळांना तसं काही मिळालं नाही आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नसल्याचं सांगितलं. तरी जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने १९९० च्या दशकात त्यासाठी खास कार्यक्रम काढला. टोयोटाशी संबंधित कंपनीने त्या दोघांना फ्रान्समध्ये प्रयोगशाळा दिली. कारण जपानला जवळजवळ सगळं खनिज तेल बाहेरून आणावं लागतं आणि १९७३ चा तेलाचा फटका ते विसरलेले नव्हते. शक्यता नगण्य, पण खरं निघालं तर देशाचं नशीब पालटणार, शिवाय पेटंट दुसऱ्याच्या हाती जायची भीती. मोठ्या अर्थसंकल्पातून अशी चिमूटभर रक्कम लावणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं. तिकीट काढलं म्हणजे नंबर लागला, असं होत नाही. १९९७ मध्ये मंत्रालयाने कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलं, फ्रान्सची प्रयोगशाळा १९९८ मध्ये बंद झाली. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही १९८९ मध्ये अनेक गटांनी हे प्रयोग केले, संमीलनाची खूण मानला जाणारा ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) सापडल्याचे अहवालही दिले. जड पाणी आणि न्यूट्रॉन मोजायची उपकरणं हाताशी होती, करून बघायला फारसं काही लागत नव्हतं. काही वर्षांत तेही थांबलं. पुढे गूगलने पैसे पुरवलेल्या गटाने पुन्हा कसून तपासलं आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, पुरावा मिळाला नाही.

सरकारचं तिकीट वाया गेलं तर पुढच्या वर्षी दुसरा कार्यक्रम निघतो. तुमच्या मुलीला विसावं वर्ष पुन्हा मिळणार नाही.

आणखी एक बघा. फ्लाइशमन मुळात नावाजलेले विद्युतरसायनतज्ज्ञ, म्हणजे वीज आणि रासायनिक क्रिया यांचा संबंध अभ्यासणारे, होते. ट्रॉम्बेत या प्रयोगांना बळ देणारे पी. के. अय्यंगार न्यूट्रॉन भौतिकीत आधीच मोठे झाले होते. कोल्ड फ्यूजन फसलं तरी त्यांच्या हातात त्यांचा विषय होता. म्हणजे उद्या कुणाला या वाटेने जायचंच असलं, तरी सुरुवात तुमची मुलगी म्हणते तिथूनच करावी लागेल. केमिस्ट्रीतून. बॅटरी, हायड्रोजन, गंज रोखणं, सगळीकडे विद्युतरसायन लागतं, आणि ते चालतं हे सिद्ध झालेलं आहे.

(फ्रान्समधला ‘इटर’ हा अनेक देशांचा संमीलन प्रकल्प आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था ही वेगळी गोष्ट. ते कोट्यवधी अंशांचं संमीलन, भक्कम भौतिकशास्त्रावर उभं. वीज मात्र अजून त्यातूनही आलेली नाही.)

प्रवेशासाठी आयसरची चाचणी आणि नायसर व मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा (आयसर, नायसर, सीईबीएस या बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्था), दोन्हींच्या तारखा तिलाच पाहू द्या. नाही जमलं तर जवळच्या चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.साठी जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. जपानला जायचंच असेल तर ते पीएच.डी.ला, शिष्यवृत्तीवर, तिने निवडलेल्या विषयात. शेताचा व्यवहार तेवढा आजच थांबवा. यातल्या कशालाच शेत विकावं लागत नाही.