आम्लाच्या थारोळ्यावर पाणी नको, माणसाच्या अंगावर मात्र भरपूर

प्रश्न : आमचे गाव सुरत-धुळे महामार्गालगत, कोंडाईबारी घाटाजवळ आहे. गेल्या पावसाळ्यात एक टँकर रस्त्याकडेच्या चारीत कलंडला आणि त्याच्या झडपेपाशी दाट पांढरा धूर निघू लागला. गावातली मुले बादल्या घेऊन धावली, तेव्हा ‘पानी मत डालो’ असे ओरडून चालकाने त्यांना थांबवले. पुढे त्याच्याच हातावर आम्ल उडाले. आम्ही हात कोरड्या फडक्याने पुसून त्याला दवाखान्यात नेले, तर डॉक्टर रागावले, ‘लगेच पाणी का ओतले नाही?’ टँकरवर ‘ओलियम’ आणि १८३१ असे लिहिलेले होते. मग पाणी घालायचे की नाही?
— एक ग्रामपंचायत सदस्य, साक्री तालुका

उत्तर : चालकाचेही बरोबर होते आणि डॉक्टरांचेही. आपल्या गावासारखी शेकडो गावे या रस्त्यांवर वसलेली आहेत, म्हणून दोघांच्या म्हणण्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

ओलियम म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड हा वायू विरघळवलेले तीव्र गंधकाम्ल. रंग, साबण-पावडरी आणि स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांना ते लागते. उघड्यावर आले की त्यातला वायू हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो आणि गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे धुके तयार होते. आपल्याला दिसला तो पांढरा धूर हाच. पावसाळी हवेत तो अधिक दाट दिसतो, पण वैशाखातल्या कोरड्या हवेत धूर विरळ दिसला म्हणून धोका कमी झाला असे मुळीच मानू नये.

आता बादलीभर पाणी त्या थारोळ्यावर ओतले तर काय होते ते पाहा. आम्ल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे पाणी वरच राहते, दोन्ही जिथे भेटतात तिथे प्रचंड उष्णता निर्माण होते, पाणी क्षणात उकळते आणि आम्लाचे शिंतोडे घेऊनच वर उसळते. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादी टाकीत सुरक्षित राहते, कारण धातूवर सल्फेटचा एक थर बसतो आणि तो पुढची झीज रोखतो. गळतीच्या जागी पाणी मारले की तिथले आम्ल सौम्य होते, आणि सौम्य आम्ल पोलाद झपाट्याने खाते. म्हणजे भोक बुजण्याऐवजी मोठे होते आणि वर हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. म्हणूनच अशा टँकरजवळ विडी पेटवणेसुद्धा जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाचे जवान कधी कधी धुके खाली बसवण्यासाठी दुरून पाण्याची बारीक फवारणी करतात, परंतु ती धुक्यावर असते, टाकीवर किंवा थारोळ्यावर नसते, आणि ते काम त्यांचेच आहे.

अंगावर आम्ल पडते तेव्हा हिशेब उलटा होतो. तिथे आम्ल थोडे असते आणि पाणी हवे तेवढे वाहते ठेवता येते. त्यामुळे निर्माण होणारी उष्णता पाण्याबरोबरच निघून जाते. फडक्याने आम्ल हलकेच टिपून घेण्यास हरकत नाही, पण चोळायचे नाही, आणि पाणी हाताशी असताना टिपण्यात वेळ दवडायचा नाही. तांब्याभर पाणी शिंपडून थांबणे किंवा ओला रुमाल गुंडाळणे मात्र घातक, कारण त्याने उष्णता वाढते आणि आम्ल जागेवरच राहते. शेतातला बोअर चालू असेल तर थेट पाइपच्या धारेखाली, नाहीतर हौदाशेजारी बसवून बादलीवर बादली, निदान वीस मिनिटे पाणी घालत राहावे. भिजलेला सदरा डोक्यावरून ओढून काढू नये, कात्रीने कापावा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ सौम्य धार सोडावी. हळद, तूप, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही लावू नये. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. धूर छातीत गेलेला माणूस तासाभराने बरा वाटत असला तरी त्याला घरी पाठवू नये; फुप्फुसांना येणारी सूज काही तासांनी वाढू शकते, म्हणून त्याला १०८ च्या रुग्णवाहिकेतून धुळ्याच्या शासकीय रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी देखरेखीखाली ठेवावे.

सांडलेले आम्ल अडवायचे ते कोरड्या मातीच्या बांधाने, आणि तेही धुराच्या बाहेर, उताराच्या पुढच्या बाजूला राहून. इथे ‘कोरडी’ या शब्दावर माझा भर आहे: तापी-पांझरेची नुकतीच उपसलेली वाळू वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. लाकडाचा भुसा, पऱ्हाटी, गोणपाट यांचा वापर अजिबात करू नये. आम्ल त्यांना जाळून कोळसा करते आणि ते पेटूही शकतात.

टँकरवरचा फलक दुरूनच वाचून ११२ वर सांगावा. १८३१ हा संयुक्त राष्ट्रांनी ओलियमला दिलेला क्रमांक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रसायनाचे नाव, हा क्रमांक आणि तातडीचा दूरध्वनी फलकावर असावाच लागतो. त्यावरच्या कृती-संकेतात, म्हणजे अपघातात काय करावे ते सांगणाऱ्या आकडा-अक्षरांच्या खुणेत, सुरुवातीला ४ हा आकडा असेल तर विझवण्यासाठी कोरडी पावडर वापरावी, आणि शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करावा, असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : आमची शाळा पारोळ्याजवळ महामार्गाला लागून आहे. असा धूर आला तर मुलांना घेऊन पळावे की वर्गातच थांबावे?
— एक शिक्षिका, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, धूर पोहोचलेला नसेल आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल तर निघावे. मोठ्या गळतीत निदान तीनशे मीटर अंतर तर हवेच, आणि वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे त्याहून पुष्कळ जास्त. धूर अंगणात आलेला असेल तर मात्र मुलांना बाहेर काढू नये. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, फटींत कापड कोंबावे आणि कूलर तत्काळ बंद करावा. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात वर्गावर्गात कूलर लावलेले असतात आणि ते बाहेरचीच हवा आत ओढतात, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहत नाही. नाकाला लावलेला ओला रुमाल म्हणजे मुखवटा नव्हे. त्याच्या भरवशावर धुरात शिरू नये. धुके किती पसरते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: २६ जुलै १९९३ रोजी अमेरिकेतील रिचमंड येथे रेल्वेच्या एकाच टाकीतून ओलियम गळले, तेव्हा वीस हजारांहून अधिक लोकांना दवाखान्याची पायरी चढावी लागली होती.

प्रश्न : टँकरचे आम्ल आमच्या विहिरीत उतरले. पाणी आता नितळ दिसते. केळीला दिले तर चालेल का? आणि भरपाई कोणाकडे मागायची?
— एक शेतकरी, धुळे जिल्हा

उत्तर : नितळपणावरून काहीच कळत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असल्याने थोडे आम्ल ती पचवते, पण विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते केळीला, गुरांना किंवा घरात वापरू नये. स्वतः चुना ओतून पाहू नये. कळीचा चुना आम्लात पडला तर पुन्हा तीच उष्णता आणि तेच शिंतोडे.

भरपाईसाठी आधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि पाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत सीलबंद करवून घ्या. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ नुसार घातक रसायनाच्या अपघातात, वाहतुकीतल्याही, मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या ओलियम गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली निरपवाद दायित्वाचे, म्हणजे घातक उद्योगाने कोणतीही सबब न सांगता भरपाई देण्याचे, तत्त्व मांडले, त्यानंतरच्या काळातला हा कायदा आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि त्यासाठी घटनेपासून पाच वर्षांची मुदत असते. या अर्जामुळे न्यायालयात अधिक नुकसान मागण्याचा आपला हक्क जात नाही, म्हणून रक्कम थोडी वाटली तरी अर्ज करून ठेवाच.