"मी एकटी बाई काय करणार वो?"

समुपदेशन करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सारखा ऐकायला मिळतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

काकू साठीच्या, घर सोलापूरच्या पूर्व भागात, वरच्या खोलीत नर्सिंगला असलेली मिझोरामची पोरगी भाड्यानं. रिक्षा स्टॉपवर चार पोरं रोज "ए चायनीज, ए मोमो" करायची. पोरगी कॉलेज बुडवायला लागली, काकूंनी दिलेली भाकरी तशीच राहायला लागली. आता बघा, ज्या सोलापुरातनं डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले तिथं 'चायनीज' ही शिवी झाली, आणि पोरगी तर आपल्याच देशातली!

चूक माझीपण झाली. पहिल्या भेटीत तिला श्वासाचे व्यायाम दिले, म्हटलं दुर्लक्ष कर. ती म्हणाली, दोन वर्षं तेच करतेय.

मग काकूंना अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराचं सांगितलं. बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचे, म्हणून १९५५ ला तिथल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस चालला तो. भाषणं सगळ्यांना ठाऊक असतात पण एवढ्या लोकांना रोज कामावर पोचवायला गाड्या, पेट्रोल लागायचं, ती सोय बरीचशी चर्चमधनं चालायची. जॉर्जिया गिलमोर म्हणून स्वयंपाकीण होती, ती आणि तिच्या मैत्रिणी सँडविच, केक करून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या, नाव कुणाचं घ्यायचं नाही, कारण मालकाला कळलं तर नोकरी जायची.

काकू पटकन म्हणाल्या, "म्हंजे दासोहच की वो!" (दासोह म्हणजे लिंगायतांत आपल्या कष्टाच्या कमाईतनं दुसऱ्यांना देणं.)

त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी रोज पोरीबरोबर स्टॉपपर्यंत चालायला लागल्या. एकीनं त्यातल्या एकाला बरोबर हेरलं, "तू आमच्या शांताबाईचा नातू ना रे?" पोरगं दुसऱ्या दिवसापासनं गायब. मंडळात एकीनं कुरकुर केलीच, ती काहीबाही खाते म्हणून. काकू म्हणाल्या, माझ्या घरात शिजत नाही, बाहेरचं मी विचारत नाही. रविवारी चर्चमधल्या बायका तिला जेवायला थांबवून घेतात, ते वेगळंच.

कॉलेजात लेखी तक्रारपण दिली, पोरीनं स्वतः ठरवून. सोबत दिली म्हणजे तक्रार गुंडाळायची असं नाही, हे मी दोघींनाही स्पष्ट सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, जरा रुसल्याच होत्या. पोरगी म्हणते, उद्यापासनं येऊ नका, तुम्ही हळू चालता, माझी रिक्षा चुकते.