‘अँटी-हिमॅग्लुटिनिन’ म्हणजे ‘विरोधी’ का?

प्रश्न असा आहे: संशोधनासाठी मिळणाऱ्या एका प्रतिपिंडाचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. मूळ नाव ‘अँटी-इन्फ्लुएंझा हिमॅग्लुटिनिन अँटिबॉडी’. (हिमॅग्लुटिनिन हे फ्लूच्या, म्हणजेच इन्फ्लुएंझाच्या, विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन.) याला ‘हिमॅग्लुटिनिनविरोधी प्रतिपिंड’ म्हणावं, की वाचकाला चटकन कळेल असं ‘फ्लूविरोधी प्रतिपिंड’?

‘फ्लूविरोधी’ मुळीच नको. ‘विरोधी’ही शक्यतो टाळावं असं माझं मत आहे.

‘विरोधी’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात रोखणारं, मारक असं काहीतरी येतं. जंतुविरोधी, कर्करोगविरोधी हे शब्द औषधांच्या जाहिरातींतून आपल्या कानांत बसलेले आहेत. प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडाच्या नावातला ‘अँटी’ मात्र एवढंच सांगतो, की हे प्रतिपिंड अमुक प्रथिनाला ओळखतं आणि त्याला चिकटतं. चिकटल्यावर त्या प्रथिनाचं काम थांबेलच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. ‘गोट अँटी-माऊस’ हे प्रयोगशाळेत रोज लागणारं नाव घ्या. शेळीत तयार झालेली आणि उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटणारी प्रतिपिंडे, असा त्याचा अर्थ. त्याचं ‘शेळीची उंदीरविरोधी प्रतिपिंडे’ केलं तर वाचणारा काय समजेल?

हिमॅग्लुटिनिनच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. १९८०च्या दशकात संशोधकांनी या प्रथिनातला अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा खूणचिठ्ठीसारखा वापरायला सुरुवात केली. यीस्टमधल्या किंवा माणसाच्या पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला जनुकीय तंत्राने हा तुकडा जोडायचा आणि मग तो तुकडा ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने ते प्रथिन कुठे आहे, किती आहे हे शोधायचं. या तुकड्याला ‘एचए टॅग’ म्हणतात, आणि तो ओळखणारं ‘१२सीए५’ हे उंदराचं प्रतिपिंड प्रसिद्ध आहे. अशा प्रयोगात फ्लूचा विषाणू औषधालाही नसतो! तेव्हा माहितीपत्रकातलं प्रतिपिंड यातलं आहे की विषाणूवरचं अख्खं प्रथिन ओळखणारं, हे आधी पाहून घ्या. टॅगवालं असेल तर ‘एचए टॅग ओळखणारे प्रतिपिंड’ असं लिहा. तिथे फ्लूचं नाव शीर्षकात नसलेलंच बरं.

अख्ख्या प्रथिनावरचं असलं तरी ‘विरोधी’ जपूनच वापरावं, कारण काही प्रतिपिंडे नुसती चिकटतात, तर काही विषाणूला खरोखरच निकामी करतात. हिमॅग्लुटिनिनचा वरचा गोलसर भाग पेशीवरच्या सायलिक आम्ल या शर्करेला धरतो. तिथे बसणारं प्रतिपिंड विषाणूला पेशीला चिकटूच देत नाही. खालच्या देठावर बसणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. १९९३मध्ये जपानी संशोधकांनी वर्णन केलेलं ‘सी१७९’ हे उंदराचं प्रतिपिंड चिकटणं रोखत नाही. पुढची पायरी, म्हणजे विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळणं, ते रोखतं. शिवाय फ्लूच्या विषाणूच्या एच१ आणि एच२ या दोन्ही उपप्रकारांवर ते चालतं. अशांसाठी ‘निष्प्रभ करणारे प्रतिपिंड’ हा शब्दप्रयोग राखून ठेवावा. काही भाषांतरांत ‘उदासीन करणारे’ असं केलेलं दिसतं. ते आम्ल-अल्कलींच्या उदासिनीकरणातून आलेलं आहे आणि इथे अर्थहीन आहे.

मग ‘विरोधी’च्या जागी काय? ‘हिमॅग्लुटिनिनग्राही’ सुचेल, पण पेशीवरच्या रिसेप्टरला आपण ‘ग्राही’ म्हणतो आणि हिमॅग्लुटिनिन स्वतःच अशा ग्राहीला धरतं, म्हणजे गोंधळ हमखास. शीर्षकात आटोपशीर शब्द हवा असेल तर ‘हिमॅग्लुटिनिनवेधी’ मला मनापासून आवडतो. शब्दवेधी, लक्षवेधी यांच्या पंगतीत तो शोभतो आणि नेमका वेध घेण्याचा भाव त्यात आहे. मजकुरात मात्र ‘हिमॅग्लुटिनिनला ओळखणारे’ हेच उत्तम.

‘प्रतिपिंड’ या शब्दातला ‘प्रति’ मात्र खुशाल राहू द्या. ‘अँटी’पेक्षा तो अधिक समजूतदार आहे. प्रतिहल्ल्यात तो उलट जातो, प्रतिबिंबात समोरचं रूप घेतो आणि ‘आईप्रती’मध्ये तर चक्क ‘च्याकडे’ होतो. समोरच्याला अनुरूप असणं आणि त्याच्याकडे वळणं, या दोन्ही छटा प्रतिपिंडाच्या कामाला लागू पडतात. लिंगाबद्दल दोन मतं ऐकू येतात. ‘पिंड’ पुल्लिंगी म्हणून ‘तो प्रतिपिंड’ म्हणणारे आहेत, पण ‘प्रतिपिंडे’ हे अनेकवचन इतकं रुळलं आहे की मी नपुंसकलिंगीच धरतो.

राहिलं खुद्द ‘हिमॅग्लुटिनिन’. १९४१मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं की इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवून त्यांचे पुंजके करतो. नाव त्यावरून आलं. म्हणून ‘रक्त गोठवणारे प्रथिन’ असं स्पष्टीकरण देऊ नका. रक्त गोठणं ही निराळी प्रक्रिया आहे. मूळ नाव देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘विषाणूच्या पृष्ठभागावरचे, रक्तपेशींचे पुंजके करणारे प्रथिन’ एवढं जोडलंत की पुरे. क्लोनचा क्रमांक, म्हणजे ‘१२सीए५’सारखं प्रतिपिंडाचं खूणनाव, आहे तसाच ठेवा, कारण संशोधक प्रतिपिंड मागवतो ते त्या क्रमांकावरूनच.