आफ्रिकेतल्या खेड्यांत आईवडीलच मुलींना शाळेत पाठवायला तयार नसतील, तर आपल्या देणगीचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि पुष्कळ आहे. पण आईवडील तयार नसतात हे तुम्ही धरून चालला आहात, ते मला मान्य नाही.

ॲन कॉटन या ब्रिटिश शिक्षिका १९९१ साली झिंबाब्वेतल्या मोला गावी गेल्या, तेव्हा परंपराच मुलींच्या आड येते असं त्यांनाही सांगितलं गेलं होतं. मोला म्हणजे करिबा धरणापायी उठवलेल्या टोंगा लोकांची वस्ती. तिथे त्यांना दिसली ती गरिबी. फी, गणवेश, वह्या एकाच लेकराला पुरवणं शक्य, मग पुढे नोकरी लागण्याची आशा जास्त म्हणून मुलाला धाडायचं. मी बीड जिल्ह्यात शिक्षिका होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतही हाच हिशेब असायचा. लेकीवर माया नव्हती असं मुळीच नाही.

कॉटन यांनी केक विकून पैसे जमवले आणि १९९३ मध्ये ३२ मुलींच्या शिक्षणाचा भार उचलला. हीच कॅमफेड संस्था. त्या ३२ जणींपैकी अँजेलिन मुरिमिरवा आज तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत.

मला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो कॅमफेडच्या कामाच्या पद्धतीचा. कोणत्या मुलीला मदत द्यायची हे गावातले पालक, शिक्षक आणि जाणती माणसं मिळून ठरवतात. शिकून बाहेर पडलेल्या मुलींची १९९८ पासून स्वतःची संघटना आहे. त्यांतल्या कित्येक जणी गावच्याच शाळेत मार्गदर्शक होतात. वर्गात अभ्यासाबरोबर आरोग्याविषयी बोलतात, आणि एखादी मुलगी यायची बंद झाली की तिच्या घरी जातात. अशा मार्गदर्शकांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं. शाळेला दिलेला वेळ हेच त्याचं व्याज. परकी माणसं निघून गेली तरी हे काम चालू राहील, कारण ते करणाऱ्या तिथल्याच आहेत.

आरोग्य यातून वेगळं काढू नका. केनियातल्या बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंताच्या गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटलेली आढळली. गोळी अगदी स्वस्त, पण तिचा फोटो काय छापणार! म्हणून देणगीदार इमारतीकडे वळतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा कुठल्याही संस्थेला दोन गोष्टी विचारा: गावात प्रत्यक्ष काम कोण करतं, आणि मुलगी शाळेतून गळाली तर ते कुणाला, किती दिवसांत कळतं? इमारतींचे आकडे पुढे करणाऱ्यांपेक्षा या प्रश्नांना नेमकं उत्तर देणाऱ्यांना पैसे द्या. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरात सवलत मिळत नाही, एवढं मात्र आधीच धरून चाला.