पिरॅमिडला अर्धा दिवस पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन कैरोला जाताय, बाबा ७१ वर्षांचे, आईचे गुडघे कुरकुरतात. टूरवाल्याने कार्यक्रमात 'गिझा पिरॅमिड, अर्धा दिवस' एवढंच लिहिलंय. तेवढं पुरतं का, आणि आत शिरावं की बाहेरूनच बघावं?

मी दोनदा गेले आहे. २०१४ मध्ये अगदी असाच अर्धा दिवस, आणि २०२३ मध्ये माझ्या आईला घेऊन, स्वतः गाडी ठरवून, पूर्ण दोन दिवस. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

पहिल्या वेळचं आधी सांगते. सकाळी आठला हॉटेलवरून उचललं आणि थेट अत्तराच्या दुकानात नेलं. मग पपायरसच्या, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या तिथल्या जुन्या कागदाच्या. तिथे पाणी, सरबत, प्रात्यक्षिक, सगळं अगदी अगत्याने. गिझाला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि गाईडसाहेबांनी घड्याळ दाखवून फोटोंसाठी चाळीस मिनिटं दिली. परत आल्यावर कुणी विचारलं 'कसे आहेत पिरॅमिड?' तर मी म्हणायची, 'मोठे आहेत.' खरंच दुसरं काही सुचायचं नाही. आणि हो, तो पपायरसही केळीच्या पानाचा निघाला. खरा पपायरस उजेडात धरला की आडव्या-उभ्या पट्ट्यांची वीण दिसते, हे मला घरी आल्यावर कळलं.

दुसऱ्या वेळी वेळ जास्त होताच, पण मी मुख्य बदलला तो क्रम. गिझा शेवटी ठेवलं. पहिल्या दिवशी सक्कारा आणि दाहशूर, दुसऱ्या दिवशी गिझा. गिझाचे पिरॅमिड म्हणजे शंभरेक वर्षांच्या धडपडीचा शेवट आहे. आपण टूरवाल्याच्या सोयीने थेट शेवटाला जाऊन उभे राहतो, म्हणून 'मोठे आहेत' याच्या पुढे काही सुचत नाही. तुम्हाला एक जादा दिवस काढता आला तर तो सक्कारा-दाहशूरला द्या, दक्षिणेकडच्या लक्सर शहराचा वेळ थोडा कमी झाला तरी चालेल.

सक्कारा कैरोच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर. इथे झोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. २६५० च्या सुमाराचा. त्याआधीचे राजे कच्च्या विटांच्या, सपाट डोक्याच्या मस्तबाखाली पुरले जायचे. मस्तबा म्हणजे अरबीत घराबाहेरचा बसायचा ओटा, आणि दिसतंही तसंच. झोसेरच्या वास्तुकाराने, इम्होटेपने, ओटा दगडात बांधला, मग रुंद केला, मग त्यावर लहान ओटा, त्यावर आणखी लहान, असं करत सहा टप्पे चढवले. साठ मीटरच्या वर गेला. जवळ जाऊन दगड बघा, चांगले लहान आहेत. विटांची सवय असलेल्या लोकांनी दगड हाती घेतला तेव्हा तोही विटेसारखाच वापरला. आवाराच्या दारातून आत येताना दोन्ही बाजूंना खांब आहेत, पण एकही सुटा उभा नाही, प्रत्येक खांब मागच्या भिंतीला धरून आहे. दगडाचा खांब एकटा उभा राहील याचा भरवसा अजून आलेला नव्हता! खांबांवर बोरूच्या जुडीसारख्या उभ्या पन्हळी, वर दगडी छत कोरलंय ते ओंडके टाकल्यासारखं. भाजे लेण्यात आपल्याकडच्या कारागिरांनी दगडात लाकडी घर कोरलं ते आठवलं. लाकूड सुटलं तरी त्याचं वळण हातातून सुटत नाही.

सक्कारा तुमच्या आईंसाठीही उत्तम. टेटी राजाच्या पिरॅमिडशेजारी त्याचा जावई आणि वजीर मेरेरुका याचा मस्तबा आहे. जमिनीच्या पातळीवर, वाकायचं नाही, चढायचं नाही, आत तीसहून जास्त खोल्या. भिंतींवर पाणघोड्यांची शिकार, तरसांना उताणं पाडून बळेच खाऊ घालणारी माणसं, आणि कर थकवलेल्यांना चाललेली मारहाण. माझी आई, निवृत्त तलाठ्याची मुलगी, त्या चित्रापुढे बराच वेळ हसत उभी होती. पिरॅमिड आतून बघायची हौस असेल तर ती इथेच टेटीच्या किंवा उनासच्या पिरॅमिडमध्ये भागवा. बाहेरून दोन्ही मुरमाचे ढिगारे वाटतात, पण उतार छोटा आहे आणि खाली पोचलं की भिंतीभर उभ्या ओळींत कोरलेला मजकूर आहे, छतावर चांदण्या आहेत. उनासच्या खोलीत तर अक्षरांत निळा रंग अजून टिकून आहे. राजाने मेल्यानंतर काय म्हणावं, कुठून जावं याचे हे मंत्र आहेत, इ.स.पू. २३५० च्या आसपासचे, पिरॅमिडमध्ये कोरलेले सगळ्यात जुने. गिझाच्या प्रचंड पिरॅमिडच्या आत असा एक शब्दही नाही, हे बहुतेकांना तिथे पैसे भरून आत गेल्यावर समजतं.

दाहशूर तिथून आणखी दक्षिणेला. गर्दी जवळजवळ नाही. गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड खुफू राजाचा; इथे त्याचे वडील स्नेफेरू यांचे दोन पिरॅमिड. पहिला वाकडा: खालची बाजू ५४ अंशांनी चढते आणि मध्यावर आल्यावर एकदम ४३ अंश होते. बांधता बांधता भार पेलवेना, आत तडे जायला लागले, म्हणून उतार कमी करून कसाबसा पुरा केला. एखाद्या अभियंत्याचा घाम ४६०० वर्षांनी इतका स्पष्ट दिसतो असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. त्याचं गुळगुळीत चुनखडीचं बाहेरचं आवरणही बरंचसं शाबूत आहे. गिझाचं आवरण मध्ययुगात कैरोच्या इमारतींसाठी काढून नेलं, त्यामुळे मुळात पिरॅमिड कसे चकाकत असतील याचा अंदाज इथेच येतो. मग पलीकडचा लाल पिरॅमिड: यावेळी सुरुवातीपासूनच ४३ अंश धरले, आणि तो सरळ उभा राहिला. पहिला खराखुरा, सपाट बाजूंचा पिरॅमिड हाच. उंची साधारण १०५ मीटर. राजाने चूक केली, मान्य केली आणि परत बांधलं. एवढा पैसा असला की चूक मान्य करणं सोपं जातं म्हणा.

लाल पिरॅमिडच्या आत मी गेले. आईला जाऊ दिलं नाही. बाहेरून पायऱ्यांनी २८ मीटर वर चढायचं, मग जेमतेम कमरेएवढ्या उंचीच्या बोगद्यातून ६० मीटरहून जास्त खाली, लाकडी फळीवर ठोकलेल्या पट्ट्यांवर पाय रोवत. उलटं तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरा, मांड्या वाचतात. खाली अमोनियाचा उग्र दर्प येतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण वर बघितलं की दर्प विसरता: दोन्ही बाजूंचे दगड एकेक थर आत सरकत थेट टोकाला मिळालेले, बारा मीटरवर. तुम्ही एकटेच असण्याची शक्यता बरीच. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या मात्र जिना उतरू देत नाहीत, म्हणून गिझाचा दिवस आणि हा दिवस यांत शक्य तर एक आरामाचा दिवस ठेवा. मी ठेवला नव्हता.

आता गिझा. हे सगळं बघून तिथे गेलं की खुफूचा पिरॅमिड 'मोठा' वाटत नाही, आत्मविश्वासाने भरलेला वाटतो. बापाचा वाकडा पिरॅमिड पाहत वाढलेल्या मुलाने उतार परत ५१-५२ अंशांवर नेला आणि १४६ मीटर उंची गाठली (टोक गेल्यामुळे आता १३८). २३० मीटरची एकेक बाजू, अंदाजे २३ लाख दगड. बाहेरची चुनखडी नाईलपलीकडच्या तुराहून यायची. हे दगड वाहणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला २०१३ मध्ये सापडली: आज तुराला दगड भरले, आज होडीने गिझाला निघालो, मुक्काम अमुक ठिकाणी. त्यामुळे एलियन आणि लेझरचे फॉरवर्ड आले की मी आता फक्त 'मेरेर' एवढंच लिहून पाठवते. मजुरांची थडगीही जवळच आहेत, राजाच्या सावलीत पुरलेली. गुलामांना असा मान कोण देतं?

खुफूच्या आत जायचं का? बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर नाही, आईंना तर नाहीच. चढता बोगदा सव्वा मीटरहून कमी उंच, ४० मीटर लांब, सरळ वर. समोरून उतरणारे लोक, हवा कोंदट, घाम. त्यानंतर मोठी दालन-वजा वाट लागते, साडेआठ मीटर उंच, तिथे पाठ सरळ होते. शेवटी राजाची खोली: ८०० किलोमीटरवरच्या अस्वानहून आणलेला ग्रॅनाइट, छताला नऊ अजस्र शिळा, कोपऱ्यात झाकण नसलेली पेटी. बस. काही कोरलेलं नाही, रंगवलेलं नाही. माझ्यापुढचे एक काका धापा टाकत म्हणाले, 'एवढ्यासाठी?' मला मात्र ती कोरी खोली आवडली. तुमच्यापैकी एकाने जावं, बाकीच्यांनी बाहेर सावलीत बसावं. तिकीट वेगळं आणि महाग असतं.

२०२५ पासून तिथली व्यवस्था बदलली आहे. प्रवेश आता फयूम रस्त्याच्या बाजूने, आतमध्ये विजेच्या बस, खासगी गाड्या बंद. माझी भाची बसनेच फिरली. ज्येष्ठांसाठी हे फार बरं झालं, आमच्या वेळी आई वाळूत दमली होती. स्फिंक्सच्या अगदी जवळ मात्र पायीच जावं लागतं, खुफूचा मुलगा खाफ्रे याच्या खालच्या देवळातून. ते ग्रॅनाइटचे चौकोनी खांब घाईत ओलांडू नका. स्फिंक्स बांधलेला नाही, जागेवरच्या खडकातून कोरून काढलाय, आपल्या वेरूळच्या कैलासासारखा, फक्त भोवतीचे दगड फेकून न देता तिथल्याच देवळासाठी वापरले. आणि नाक नेपोलियनने उडवलं नाही, १७३७ च्या चित्रातही ते नाही, तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

उंटवाले. तुम्ही भारतीय आहात हे पन्नास पावलांवरून ओळखून 'अमिताब बच्चन!' अशी हाक येईल. हसा आणि चालत राहा. थांबलात की डोक्याला फडकं बांधून होतं. २०१४ ला माझ्याकडून वर बसायचे ठरले तेवढेच घेतले, पण उंट खाली बसवायचे चौपट मागितले, आणि उंटावरून वाद घालणं अवघड असतं. बसायचंच असेल तर 'चढून, फिरून, उतरून' एकूण किती ते आधी ठरवा आणि पैसे जमिनीवर पाय टेकल्यावर द्या. 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) हे दोन शब्द पाठ करा. बक्षीस हा शब्द शिकायला नको, तो आपलाच आहे. फक्त आपल्याकडे ते पहिला नंबर आला तर मिळतं आणि तिथे दार उघडल्याबद्दल द्यावं लागतं. पहारेकरी 'या, खास जागा दाखवतो' म्हणून दोरीपलीकडे नेतो, त्याचंही तेच. पिरॅमिडवर चढायला कायद्याने बंदी आहे, कुणी 'चालतं' म्हटलं तरी चढू नका.

तिकिटं कार्डावर घेतात, रोख फारशी चालत नाही, पण स्वच्छतागृहासाठी सुट्या नोटा जवळ असू द्या. नवं मोठं संग्रहालय पिरॅमिडपासून जवळच आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं. तुतनखामेनचा सगळा ऐवज आणि खुफूची देवदाराची ४० मीटरहून लांब होडी आता तिथे. ते गिझाच्याच दिवशी उरकू नका, पाय राहणार नाहीत. राजांच्या ममी मात्र तिथे नाहीत, त्या २०२१ पासून कैरोच्याच फुस्तात भागातल्या संग्रहालयात आहेत. टूरवाले यात हमखास घोळ घालतात, आधीच विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर कोशरी शोधा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. आईने दोन्ही दिवस तेच जेवलं.

डिसेंबरात दुपारी छान २० अंश असतं, पण दाहशूरला वारा बोचतो. कानटोपी घ्या, आणि थर्मासमध्ये चहा घ्या. आम्ही गेलो तेव्हा तिथे चहा कुठेच मिळाला नाही.